खांबाला वेढा घालणारी राजी

चारी बाजूंनी राक्षस चालून आले की राजी जवळचा खांब गाठते. दोन्ही हातांनी तो धरते, अंगाचा वेढा टाकते आणि त्या फिरकीच्या जोरावरच त्रिशूळ चालवते. भिंत जवळ असेल तर चार पावलं भिंतीवर चढून उलटी झेप घेते आणि खाली येता येता वार करते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आला तो शाळेच्या मैदानातला तेल पाजलेला मल्लखांब. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्या विद्येला नवं रूप दिलं, तिचं मर्मच हे, की खांब उभाच राहतो, त्याच्याभोवती फिरायचं ते माणसानं. व्हिडिओ गेममध्ये एरवी खांब असतो तो लपायला किंवा फोडायला. इथे तो लढणारीचा जोडीदार आहे.

‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा गेम पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’नं केला. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड हे त्या छोट्या कंपनीचे संस्थापक. 2017 मध्ये त्यांनी ‘किकस्टार्टर’वर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी काम थांबलं नाही. ऑगस्ट 2020 मध्ये गेम आधी निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये संगणकावर, प्लेस्टेशनवर आणि एक्सबॉक्सवर. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’च्या सर्वोत्तम पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. एवढं होऊनही आपल्याकडे त्याची चर्चा झाली ती ‘भारतीय गेम’ या एका कौतुकापुरती. कौतुक झालं आणि खेळायचं राहून गेलं. 2022 मध्ये त्याची सुधारित ‘एन्हान्स्ड एडिशन’ आली, तिच्याही वाट्याला फार वेगळं काही आलं नाही. मला याचं खरोखर वाईट वाटतं. कारण या गेमकडे आवर्जून थांबून बघावं असं पुष्कळ आहे.

कथा दोन ओळींची. राजी ही सर्कशीत कसरती करणारी पोर, गोलू हा तिचा धाकटा भाऊ. राक्षसांचा राजा महाबलासुर माणसांवर चालून येतो, मुलं पळवली जातात, त्यांत गोलूही जातो. देवांनी या लढाईसाठी राजाला निवडलेलं नाही, राजपुत्रालाही नाही, तर निवडलंय या पोरीला. दुर्गा तिला त्रिशूळ देते, विष्णू धनुष्य देतो आणि ती भावाच्या मागावर निघते. शस्त्रं देवांची असली तरी अंग मात्र तिचं स्वतःचं आहे, पोटासाठी तालमीत घडवलेलं. म्हणून तो खांबाचा वेढा मला इतका मोलाचा वाटतो. देवीची कृपा व्हायच्या आधी राजीकडे जे होतं, तेच शेवटपर्यंत तिच्या उपयोगी पडतं, आणि हे सांगायला गेम एकही संवाद खर्ची घालत नाही.

मी हा गेम पहिल्यांदा एकटीनं खेळले, पेणला, टाळेबंदीच्या दिवसांत. दुसऱ्यांदा खेळले ती सुधारित आवृत्ती, रोह्याला भाचीच्या संगणकावर. दिवा–रोहा गाडीनं पेणहून कासू, नागोठणे आणि मग रोहा. मध्य रेल्वे जिथे संपते आणि कोकण रेल्वे जिथे सुरू होते, ते हे गाव. भाची आठवीत आहे. तिनं सुरुवातीलाच भाषेच्या यादीत हिंदी निवडली आणि गेमचा सगळा पोतच बदलला.

इंग्रजीत खेळताना दुर्गा आणि विष्णू मला लांबचे वाटले होते. राजीचा प्रवास ते दोघं वरून पाहत असतात आणि तिच्याबद्दल आपसांत बोलतात, हीच निवेदनाची तऱ्हा. या पोरीला जमेल का, आपण हिच्यावर फार मोठं ओझं टाकलं का, अशा वळणाची ती बोलणी. इंग्रजीत त्याला प्रवचनाचा सूर लागत होता. हिंदीत तेच बोलणं घरातल्या वडीलधाऱ्यांचं झालं. भाची मध्येच म्हणाली, “मावशी, हे दोघं ओटीवर बसून बोलतायत असं वाटतं.” मला ते तंतोतंत पटलं. रोह्याच्या मुलीला ते पटकन कळावं यात नवलही नाही. त्यांच्या गावात धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा पोलिसांचं पथक देवाला सशस्त्र सलामी देतं. देव हा गावातला कर्ता माणूस आहे, त्याचा मान आहे आणि त्याच्यावर जबाबदारीही आहे, ही समज तिथे लहानपणापासून अंगात मुरते. ‘राजी’मधले देव या समजुतीचे आहेत. ते चमत्कार करून मोकळे होत नाहीत, काळजी करतात.

रंगांकडे मात्र मी पेणकर म्हणूनच बघते. आमच्याकडे गणपतीच्या कारखान्यांत आषाढ लागला की रात्रीचे दिवे मालवत नाहीत. हमरापूर, जोहे या बाजूला गेलात तर घराघरांत मूर्ती वाळत असतात. आधी पांढरा हात, मग अंगाचा रंग, मग स्प्रेगननं छटा आणि सगळ्यांत शेवटी डोळ्यांची आखणी. जाणता कारागीर अंगाला फार रंग चढवत नाही. मातीचा उठाव झाकला जाणार नाही इतकाच देतो आणि उरलेलं काम उजेडावर सोडतो. ‘राजी’ची रंगसंगती याच विचाराची आहे. तिचे निर्माते पहाडी चित्रशैलीचा आधार घेतात, वास्तू राजस्थानच्या मध्ययुगीन किल्ल्यांच्या वळणाच्या आहेत आणि भिंती, दारं, कमानी यांचे पृष्ठभाग हातानं रंगवलेले आहेत. दगडाची हुबेहूब नक्कल करायचा हट्ट नाही. रंग सपाट आणि उबदार, त्यावर प्रकाश तिरपा पडतो. सुधारित आवृत्तीत प्रकाशाचं काम पुन्हा केलेलं आहे आणि त्यानं या रंगांना न्याय मिळाला. पहिल्या वेळी काळपट भासलेल्या जागी आता कडा सुटून दिसतात.

आणि मग त्या चित्रांच्या भिंती. वाटेत जागोजागी भिंतीवर पुराणातले प्रसंग रंगवलेले आहेत. राजी जवळ जाऊन उभी राहिली की नजर संथपणे चित्रावरून सरकते आणि देव ती गोष्ट सांगू लागतात. लढाईच्या घाईत असलेला माणूस इथे थांबलाच पाहिजे अशी सक्ती नाही. पुढे पळता येतं. भाची पहिल्या दोन भिंतींपाशी थांबली नाही, तिसरीपाशी थांबली आणि मग मागे वळून पहिल्या दोन पाहून आली. देवळात प्रदक्षिणा घालताना आपण असंच करतो. शिल्पपट कुणी हात धरून दाखवत नाही, पाय आपोआप मंदावतात. पुराणकथा पुस्तकात वाचण्याआधी आपल्याला ती भिंतीवर, मखरात, कीर्तनात भेटलेली असते. हे या गेमला ठाऊक आहे, आणि माझ्या मते त्याचं सगळ्यांत मोठं यश ते हेच.

कथेचे मोठे प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांच्या रूपात येतात. पडद्यामागे दिवा, कापलेल्या आकृत्या, सांध्यांतून हलणारे हात. निर्मात्यांनी बालीच्या कथांचाही आधार घेतला आहे आणि हे छायानाट्य पाहताना आग्नेय आशिया आठवतोच. पण कोकणातल्या माणसाला तितकं लांब जायची गरज नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलाकारांनी चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी जपली आहे. त्या कामासाठी परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. छायेच्या बाहुलीला चेहऱ्यावरचे भाव नसतात. दुःख दाखवायचं तर मान झुकवायची, राग दाखवायचा तर हात उंचावायचा. गोलूला नेल्यानंतरची राजी या रीतीनं दाखवली आहे, आणि कितीही तपशिलानं घडवलेल्या त्रिमिती चेहऱ्यापेक्षा ती मला जास्त भिडली.

उणिवाही आहेत आणि त्या सांगायला हव्यात. कॅमेरा तिरपा आणि वरून, तो आपल्याला वळवता येत नाही. त्यामुळे दोन कठड्यांमधलं अंतर डोळ्यांना फसवतं आणि राजी दरीत पडते. चूक खेळणाऱ्याची नसते तेव्हा हे फार बोचतं. सुधारित आवृत्तीनं लढाई सुधारली, हालचालींमधला अडखळलेपणा बराच घालवला, पण कॅमेऱ्याचा स्वभाव तोच राहिला. मंडलं फिरवून चित्र जुळवायची कोडी देखणी आहेत. त्यांतून बहीण-भावाच्या आठवणी उलगडतात, पण ती फारच सोपी आहेत. खेळ चार-पाच तासांत संपतो. शेवट तर मध्येच धागा तोडल्यासारखा येतो. भाची पडद्याकडे बघत बसली आणि मग म्हणाली, “पुढचं कुठंय?” तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणखी एक माझी हुरहूर. पुण्यात घडलेल्या या गेमला सह्याद्री का सुचला नाही? राजस्थानचे किल्ले सुंदर आहेतच. पण रोह्याजवळ अवचितगड आहे, तळा गावाच्या बाजूला कुड्याची लेणी आहेत, पावसात काळा पडणारा कातळ आहे, दाट झाडीत दडलेली टाकी आहेत. राजीच्या उड्यांना ती जागा फार शोभली असती. ही तक्रार नाही. ज्या हातांनी तो वाळवंटी उजेड इतका नेमका रंगवला, त्या हातांनी आपला पाऊस रंगवलेला मला बघायचा आहे.

ज्यांनी ‘राजी’ कधी खेळलेली नाही, त्यांनी थेट सुधारित आवृत्ती घ्यावी आणि भाषा हिंदी ठेवावी. घरात दहा-बारा वर्षांच्या पुढचं मूल असेल तर त्याला शेजारी बसवावं आणि भिंतीवरचं चित्र आलं की नियंत्रक त्याच्या हाती द्यावा. आणि नॉडिंग हेड्सच्या मंडळींना एका पेणकरणीची विनंती : दुर्गा आणि विष्णू यांना हिंदीत ऐकलं, आता पुण्याच्या या गेममध्ये ते मराठीत बोलताना ऐकू द्या.