अश्वशक्ती आणि तोल

विमानाच्या आरंभकाळाचा इतिहास बहुधा विक्रमांच्या क्रमाने सांगितला जातो : १९०३ साली राइट बंधू, १९०९ साली इंग्लिश खाडी ओलांडणारा ब्लेरिओ, त्याच सुमारास गाजू लागलेले, सिलिंडरांसकट गरगरणारे ग्नोम इंजिन. माझा आक्षेप या मांडणीला आहे. तिच्यात अश्वशक्ती मोजली जाते, तोल नाही.

सांतोस-द्युमाँने १९०७ ते १९०९ या काळात घडवलेले ‘द्मुआझेल’ पाहा. बांबूच्या सांगाड्याचे चिमुकले विमान. चालकाच्या डोक्यावर, पंखापाशी इंजिन. त्याचे दोन सिलिंडर आडवे, मधल्या दांड्याच्या दोन बाजूंना. दोन्ही दट्टे एकदमच बाहेर जातात, एकदमच आत येतात. एकाचा हिसका दुसरा खोडून काढतो. सिलिंडर नेमके एका रेषेत नसल्याने थोडी डुगडुग उरते, एवढेच. नाजूक सांगाड्याला असेच इंजिन हवे.

दोन सिलिंडरांची ताकद तोकडी पडली आणि शर्यतींत ही रचना मागे राहिली, हे मान्य. पण सांतोस-द्युमाँने आराखडे सर्वांना खुले ठेवले होते. त्याला विमान सामान्यांच्या हाती द्यायचे होते. पुढे १९३१ साली कॉन्टिनेन्टल कंपनीचे ए-४० आले : रचना तीच, सिलिंडर चार. ते ‘कब’ विमानावर चढले आणि हौशी माणसाला उडणे परवडू लागले. आजही छोट्या विमानांत बहुधा याच घाटाचे इंजिन असते.

पहिला कोण उडाला, हे इतिहासाने जरूर सांगावे. बाकीचे कशामुळे उडू शकले, हेही त्यानेच सांगायला हवे.