जीवरसायनाची परिभाषा : शब्द आणि बोध

पारिभाषिक संज्ञेची कसोटी इंग्रजी शब्दावरील निष्ठा नव्हे, विषयाचा यथार्थ बोध ही होय. या कसोटीवर ‘जीवनसत्त्व’ ही संज्ञा मूळ शब्दाहूनही सरस ठरते. ही सर्व द्रव्ये अमाइने असावीत, या समजुतीने फुंक यांनी १९१२ साली ‘व्हिटॅमिन’ हे नाव योजले. ती समजूत पुढे चुकीची ठरली. मराठी संज्ञेत तो दोष उतरलेला नाही.

बफरसाठी योजिलेली ‘उभयप्रतिरोधी’ ही संज्ञा मात्र अर्धीच यशस्वी होते. ‘उभय’ने आम्ल व अल्क या दोहोंचा निर्देश होतो; परंतु ‘प्रतिरोध’ म्हणताच विद्यार्थ्याच्या मनात तट उभा राहतो. वस्तुतः रक्तातील बायकार्बोनेट आम्लास अडवीत नाही, सामावून घेते. त्यातून निर्माण होणारा कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे बाहेर पडतो, आणि धमनीतील रक्ताचे पीएच मूल्य ७.३५ ते ७.४५ च्या दरम्यान राहते.

प्रथिनांच्या ‘प्राथमिक’ रचनेचेही तसेच आहे. मराठीत प्राथमिक म्हणजे आरंभीचे, जुजबी. परंतु हीमोग्लोबिनाच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येणे, एवढ्यानेच सिकलसेलचा दोष उद्भवतो. येथे ‘आद्य’ हा शब्द अधिक न्याय देईल.

बिडकीनसारख्या गावाहून येणारा विद्यार्थी ‘सूक्ष्म अन्नद्रव्य’ हा शब्द शेतातूनच घेऊन येतो. जस्त व लोह त्यास पिकाच्या संदर्भात ठाऊक असतात. माणसाच्या आहारात जीवनसत्त्वेही त्यांतच मोडतात, एवढे सांगितले की पुरे. जेथे चालता शब्द बोध करून देतो, तेथे नवा शब्द घडविणे हे पांडित्य असेल, अध्यापन नव्हे.