केशवसुतांवरील कविता : स्तुति कीं साक्ष?

एका कवीनें दुसऱ्या कवीवर केलेली कविता संशोधकाच्या हातीं आली म्हणजे तिचें काय करावें, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. इतिहासाचा अभ्यासक तिला स्तुतिपाठ म्हणून बाजूस सारतो. काव्याचा रसिक तिला मूळ कवीच्या कवितेहून हलकी ठरवून बाजूस सारतो. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, अशी तिची गत होते. आमच्या मतें ह्यांत दोघांचीहि चूक आहे. अशी कविता हें एक साधन आहे. मात्र कोणत्या गोष्टीची साक्ष तिच्याकडून घ्यावी व कोणत्या गोष्टीची घेऊं नये, हें आधीं ठरविलें पाहिजे. इंग्रजींत ज्यास रोमँटिक म्हणतात त्या संप्रदायाचे मराठींतील पहिले मोठे कवि कृष्णाजी केशव दामले, म्हणजेच केशवसुत. त्यांच्यासंबंधीं मागाहून आलेल्या कवींनीं जें लिहिलें, त्यांतील दोन ठळक उदाहरणें घेऊन ह्या प्रश्नाचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम आपल्या घरचीच परंपरा पाहूं. ऐहोळे येथील मेगुटी जिनालयावरील लेखांत रविकीर्ति नांवाचा कवि दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ति गातो व शेवटीं आपली कीर्ति कालिदास आणि भारवि ह्यांच्या तोडीची असल्याचें सांगतो. हा लेख शके ५५६ चा, म्हणजे इ. स. ६३४ च्या सुमाराचा आहे. रविकीर्तीची ही आत्मप्रौढी कोणी मान्य करीत नाहीं. परंतु त्या वर्षापूर्वीं कालिदास व भारवि हे दोघेहि नांवाजलेले होते, ही गोष्ट त्या प्रौढीमुळेंच निर्विवाद सिद्ध झाली आहे. कवीस जें सांगावयाचें होतें तें आपण टाकून दिलें, आणि जें त्याच्या तोंडून सहज निघून गेलें तें शिरोधार्य मानलें.

दुसरें उदाहरण भासाचें. बाणानें हर्षचरिताच्या आरंभीं भासाची वाखाणणी करतांना त्याच्या नाटकांचा आरंभ सूत्रधार करतो, असें सांगितलें आहे. पुढें बारा-तेरा शतकांनीं, १९१२ पासून, गणपतिशास्त्री ह्यांनीं त्रिवेंद्रमहून तीं नाटकें प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हां पोथ्यांवर कर्त्याचें नांव नव्हतें. त्या वेळीं ज्या पुराव्यांचा आधार घेण्यांत आला त्यांत बाणाचा हा श्लोक होता. दक्षिणेकडील इतर नाटकांच्या पोथ्यांतहि अशीच पद्धति आढळते, असा आक्षेप मागाहून निघाला, व तो वाद पुरता मिटला असें म्हणवत नाहीं. तरी एवढें खरें कीं, वादाचा आधार झाला तो स्तुतीच्या ओघांत आलेला तपशील, स्तुति नव्हे. ह्याच्या उलट प्रसन्नराघवकार जयदेवानें कालिदासास कवितारूपी कामिनीचा विलास व भासास तिचें हास्य म्हटलें आहे. श्लोक गोड आहे, सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु त्यावरून भासाच्या एकाहि पोथीचा निर्णय होणार नाहीं.

ह्यावरून एक नियम काढतां येतो. स्तुति ही स्तुति करणाऱ्याविषयीं साक्ष देते; ज्याची स्तुति होते त्याच्याविषयीं साक्ष मिळते ती ओघांत आलेल्या तपशिलांतून. मराठींतील ती प्रसिद्ध आर्याच पाहा. श्लोक वामनाचा, अभंग तुकोबांचा, ओवी ज्ञानेश्वरांची आणि आर्या मोरोपंतांची, अशी वांटणी तिनें करून टाकली आहे. ही वांटणी करणाराची रुचि तींतून कळते. परंतु तेवढीच प्रमाण मानून बसलों तर मोरोपंतांनीं आर्येखेरीज दुसरें कांहीं लिहिलेंच नाहीं असें वाटावें. पंतांची 'केकावलि' पृथ्वी वृत्तांत आहे, हें आपल्या वाचकांस सांगणें नको.

परदेशांतील एक दाखला येथें उपयोगी पडेल. इंग्रज कवि कीट्स २३ फेब्रुवारी १८२१ रोजीं वयाच्या पंचविसाव्या वर्षीं रोम येथें क्षयानें वारला. त्याच वर्षीं शेलेनें त्याच्यावर 'अडोनेइस' हें पंचावन्न कडव्यांचें विलापकाव्य लिहिलें, आणि १८१८ मध्यें एका त्रैमासिकांत आलेल्या कठोर टीकेनें कीट्सचा जीव घेतला, असा समज त्यांतून दृढ केला. बायरननें १८२३ मध्यें आपल्या काव्यांत ह्या समजाची थट्टा केली. परंतु थट्टेनें तो मेला नाहीं, उलट अधिक पसरला. रोग फुफ्फुसाचा, आणि दोषारोप टीकाकारावर! इतकें सुंदर काव्य मृत्यूच्या कारणाबाबत साफ चुकलें. पण ह्याच प्रकरणांत दुसरी एक साक्ष आहे. १८२२ च्या जुलैंत शेले समुद्रांत बुडाला, व त्याचें प्रेत किनाऱ्यास लागलें तेव्हां खिशांत कीट्सच्या कवितांचें पुस्तक उघडून दुमडलेलें सापडलें. शेलेचा कीट्सविषयींचा आदर पंचावन्न कडव्यांहून त्या भिजलेल्या पुस्तकानें अधिक सिद्ध होतो, असें आम्हांस वाटतें. संग्राहकांना ह्याचें मर्म वेगळें सांगावयास नको.

आतां केशवसुत. त्यांच्या चरित्राचीं साधनें तोकडीं आहेत. जन्म कोंकणांत मालगुंडचा मानतात. जन्मतारीख मात्र कोठें १५ मार्च १८६६, तर कोठें ७ ऑक्टोबर १८६६ अशी आढळते. आयुष्य शाळामास्तरकींत गेलें. फैजपूर, धारवाड अशा ठिकाणीं नोकऱ्या झाल्या. आणि ७ नोव्हेंबर १९०५ रोजीं हुबळीस प्लेगनें ते वारले. त्यांचें छायाचित्र उपलब्ध नाहीं. जीं चित्रें छापलेलीं दिसतात तीं कल्पनेनें काढलेलीं आहेत. हयातींत त्यांचा कवितासंग्रह निघाला नाहीं. हरि नारायण आपटे ह्यांनीं तो काढला तो मृत्यूनंतर दहा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. ज्या कवीचा चेहरा कोणी पाहिलेला नाहीं, त्याचा चेहरा पुढच्या कवींनीं शब्दांनीं काढावा, हें ओघानेंच आलें. आणि तसेंच झालें.

हें काम प्रथम केलें तें गोविंदाग्रजांनीं, म्हणजे राम गणेश गडकरी ह्यांनीं. केशवसुत वारले तेव्हां गडकरी वीस वर्षांचे होते. पुढें त्यांनीं आपल्या कवितेंत स्वतःस केशवसुतांचा चेला म्हणवून घेतलें, आणि केशवसुत मेले ही गोष्टच नाकारून ते अजून गात असल्याची ग्वाही दिली. हे उद्गार इतके लोकप्रिय झाले कीं, केशवसुतांच्या चरित्रांत तीं जणूं अस्सल पत्रें आहेत अशा थाटानें त्यांचे दाखले दिले जातात. वरील नियम येथें लावून पाहूं.

गोविंदाग्रजांच्या साक्षींतून नक्की काय निघतें? एक तर केशवसुतांच्या मागून पहिल्याच पिढींत त्यांचा संप्रदाय मानला जाऊं लागला होता व त्यांत आपली गणना व्हावी अशी बुद्धिमान तरुणांची इच्छा होती. दुसरें असें कीं, ह्या पिढीची केशवसुतांशीं ओळख झाली ती आरंभीं तरी मासिकांच्या सुट्या पानांतून. बांधीव संग्रह नंतरचा. ह्या दोन गोष्टी मोलाच्या आहेत. परंतु शिष्य गुरूसारखा होता, असें मात्र ह्यावरून निघत नाहीं. गोविंदाग्रजांचा ओढा प्रेमाकडे, कल्पनेच्या आतषबाजीकडे व शब्दांच्या विलासाकडे. त्यांना प्रेमाचे शाहीर म्हणतात तें उगीच नव्हे. केशवसुतांची भाषा पुष्कळदां खडबडीत, अडखळती, विचाराच्या भारानें वांकलेली. शिष्यानें गुरूचा झेंडा घेतला. चाल स्वतःचीच ठेवली. तेव्हां त्या कवितेंत जो त्वेषानें गाणारा, मृत्यूस न जुमानणारा केशवसुत दिसतो, त्याच्या मुद्रेवर गडकऱ्यांची छटा बरीच आहे.

ह्या चित्राचा परिणाम काय झाला, हें पाहण्यासारखें आहे. १८९३ मधील 'तुतारी' व नंतरचा 'नवा शिपाई' ह्या कविता पुढें आल्या आणि केशवसुत म्हणजे तुतारी फुंकणारा बंडखोर, हें समीकरण पक्कें झालें. परंतु ज्या हातानें 'तुतारी' लिहिली त्याच हातानें 'सतारीचे बोल' लिहिली, जींत एक खचलेला जीव रात्रीं सतार ऐकत हळूहळू शांत होतो. त्याच हातानें 'नैर्ऋत्येकडील वाऱ्यास' लिहिली, जींत घरापासून दूर राहिलेला मनुष्य कोंकणाकडून येणाऱ्या वाऱ्याशीं बोलतो. 'हरपलें श्रेय' मधील हुरहुर तर कोणत्याहि रणवाद्यांत मावणारी नाहीं. एका बाजूस तुतारी व दुसऱ्या बाजूस सतार, असा हा कवि होता. शिष्यपरंपरेनें तुतारी उचलली आणि सतार कोनाड्यांत ठेवली. आम्हीं स्वतः पस्तीसांहून अधिक वर्षें मुलांस 'तुतारी' शिकविली, आणि 'सतारीचे बोल' वर्गांत एकदांहि वाचून दाखविली नाहीं. ह्या दोषांत आमचाहि वांटा आहे.

दुसरें उदाहरण अगदीं उलट प्रकारचें. केशवसुतांचें 'आम्ही कोण?' हें सुनीत १९०१ चें. त्यांत कवीच्या दैवी अधिकाराची घोषणा आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत प्रल्हाद केशव अत्रे ह्यांनीं केशवकुमार ह्या नांवानें 'झेंडूचीं फुलें' हा विडंबनांचा संग्रह काढला, त्यांत ह्याच नांवाचें विडंबन आहे. कवित्वाचा डंका पिटणाऱ्या पोकळ कवींची त्यांत रेवडी उडविली आहे. भाविकांस हें मूर्तिभंजन वाटलें तर नवल नाहीं. परंतु साक्ष म्हणून पाहिलें तर विडंबनाची किंमत स्तोत्राहून अधिक भरते. स्तोत्र लिहावयास मूळ कविता पुढ्यांत असावी लागत नाहीं. विडंबनास ती अक्षरशः लागते. अत्र्यांनीं मूळचें शार्दूलविक्रीडित राखलें, सुनीताचा सांचा राखला, आरंभाची ऐट राखली. ह्यावरून त्या काळीं वाचकांस ही कविता तोंडपाठ होती, हें सिद्ध होतें; कारण मूळ ठाऊक नसेल त्यास विडंबनाचें हसूं येत नाहीं. शिवाय केशवसुतांच्या बोलण्यांतील जो थोडासा अभिनिवेश भक्तांस दिसला नाहीं, तो विडंबनकारानें नेमका टिपला.

ह्या म्हणण्यास संस्कृतांत उत्तम आधार आहे. नवव्या शतकांत जिनसेनानें 'पार्श्वाभ्युदय' रचलें, त्यांत मेघदूताच्या ओळी समस्यापूर्तीच्या पद्धतीनें गुंफल्या. त्याचा हेतु वेगळा, विषय वेगळा. पण त्यामुळें मेघदूताचा नवव्या शतकांतील पाठ त्यांत आपोआप जतन झाला, आणि पुण्याच्या प्रा. का. बा. पाठकांनीं मेघदूताचें संपादन केलें तें त्याच्याच आधारें. परक्याच्या ओळी उसन्या घेणारा असा कवि कित्येकदां मूळ कवीचा सर्वांत विश्वासू लेखक ठरतो.

नांवांविषयीं एक सूचना. 'केशवसुत' व 'केशवकुमार' ह्या दोहोंचा अर्थ एकच, केशवाचा मुलगा. 'गोविंदाग्रज' हेंहि नात्यावरूनच घेतलेलें. नामदेव व विष्णुदास नामा ह्यांच्या अभंगांची जी सरमिसळ पोथ्यांतून झाली तिचा निवाडा करतांना किती विद्वान् दमले, हें आपणांस ठाऊक आहे. सुट्या पानावरील अशी सही नोंदवितांना घाईनें 'केशव' एवढेंच लिहून ठेवणारा संग्राहक पुढच्यांसाठीं तसाच गुंता तयार करीत असतो.

आतां शेवटची गोष्ट, आणि ती आमच्या पदरचीच आहे. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं आम्ही ज्या शाळेंत होतों, तेथील हस्तलिखित मासिकासाठीं एका विद्यार्थ्यानें 'तुतारी'चें विडंबन आणून दिलें. तुतारीऐवजीं त्यानें शाळा सुटल्याची घंटा मागितली होती. वृत्त बिनचूक होतें. आम्हीं तें केशवसुतांचा उपमर्द म्हणून त्याच्यासमोर फाडलें. आज तें पान हातीं असतें, तर त्या पिढीच्या मुलांना केशवसुत कसे पोंचले होते ह्याचा तो एक प्रामाणिक पुरावा झाला असता. त्यांतली एकहि ओळ आम्हांस आठवत नाहीं. मुलाचा उतरलेला चेहरा तेवढा आठवतो.

आम्ही नव्या मुंबईंत राहतों. बेलापूरचा किल्ला व जुनीं गांवें वगळलीं तर हें नगर आमच्याहूनहि वयानें लहान. सिडकोची स्थापना १९७० ची. येथें जुने वाडे नाहींत, म्हणून कागदहि नसतील, असा समज आहे. तो चूक आहे. गिरगांव-दादरच्या चाळींतून वाशी-नेरुळास आलेल्या कुटुंबांनीं ट्रंकांतून 'करमणूक', 'मनोरंजन', 'काव्यरत्नावली' ह्यांचे अंक व आजोबांच्या कवितांच्या वह्या आणल्या होत्या. आतां त्या इमारतींचा पुनर्विकास होत आहे, आणि दुसऱ्या स्थलांतरांत त्या ट्रंका रद्दीवाल्याच्या तराजूंत चढत आहेत. पोथ्या व बखरी जपणारे आपण लोक ह्या कागदांस अर्वाचीन म्हणून हात लावीत नाहीं. परंतु १९०५ सालचा कागद आतां सव्वाशे वर्षांच्या घरांत आला आहे.

म्हणून विनंती अशी कीं, असें पान सांपडल्यास त्यांतली कविता कापून घेऊं नये. अंक सबंध ठेवावा. मासिकाचें नांव, महिना व सही जशी असेल तशी उतरून घ्यावी. मूळ कवितेच्या ओळी त्यांत आल्या असतील तर छापील पाठाशीं ताडून भेद नोंदवावा. आणि विडंबन, टवाळी, शाळकरी मुलांचें अनुकरण ह्यांस स्तोत्राच्या पंक्तीलाच बसवावें. कोंकण मराठी साहित्य परिषदेनें मालगुंडास केशवसुतांचें स्मारक उभारलें आहे, तें योग्यच झालें. परंतु ज्यांचें छायाचित्र नाहीं त्यांच्या मुखाची एखादी रेघ अशाच एखाद्या टाकाऊ पानावर उरली असण्याचा संभव आहे. तें पान आमच्यासारख्या मास्तराच्या हातीं पडण्यापूर्वीं आपल्या हातीं पडो.