एका शिवीचे व्याकरण

मागच्या सत्रात कला शाखेच्या वर्गावर एका दलित आत्मकथनातील उतारा चालू होता. एक विद्यार्थी उभा राहून वाचत होता. वाचता वाचता तो एका शब्दापाशी थांबला, माझ्याकडे पाहिले आणि तो शब्द गाळून पुढे गेला. मागच्या बाकांवर खसखस पिकली. मीही ‘पुढे चला’ म्हटले. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी व्हरांड्यात आली आणि म्हणाली, ‘सर, तो शब्द तुम्ही का गाळू दिला? आमच्या घरी तर तो कुणी गाळत नाही.’

तो शब्द ‘रांड’.

धरणगाव हे बालकवींचे जन्मगाव. १८९० साली ते येथे जन्मले, आणि त्यांच्या हिरव्या मखमालीवर आम्ही शाळेपासून निबंध लिहीत आलो. अशा गावात बसून शिवीवर लेख लिहावा हे काही सहकाऱ्यांना रुचणार नाही. परंतु ज्या वस्तीतून मी आलो तेथे निसर्गकवितेच्या आधी शिवीच कानावर पडते, आणि जी भाषा आधी कानावर पडते तिचा विचार केल्याशिवाय साहित्याचा विचार पुरा होत नाही असे मी मानतो.

दलित साहित्यावर ‘शिवराळ’ असा शिक्का मारण्याची प्रथा जुनी आहे. १९७२ हे वर्ष त्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला आणि त्याच्या प्रस्तावनेत विजय तेंडुलकरांना आपल्याला अपरिचित असलेल्या जगाचे शब्द समजावून घ्यावे लागले. त्याच वर्षी तेंडुलकरांचा ‘सखाराम बाईंडर’ परिनिरीक्षणाच्या कचाट्यात सापडला. त्याच वर्षी १५ ऑगस्टच्या ‘साधना’ अंकात राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला. परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावी दलित स्त्रियांची विटंबना झाली होती. स्त्रीच्या अब्रूला हात घातला तर पन्नास रुपये दंड आणि राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर तीनशे, हा हिशोब ढाल्यांनी मांडला. पुढे महाराष्ट्रभर वाद पेटला तो ढाल्यांच्या शब्दांवर. ब्राह्मणगावच्या त्या स्त्रिया वादातून केव्हा गळून पडल्या ते कुणाच्या ध्यानातही आले नाही. शब्दाचा विटाळ मानणाऱ्यांना कृतीचा विटाळ होत नाही, हे त्या वर्षाने शिकविले.

आणखी एक योगायोग पाहा. इंग्रजीतील जो चार अक्षरी शब्द सर्वांत असभ्य समजला जातो, जो नाम होतो, क्रियापद होतो, विशेषण होतो आणि एखाद्या लांब शब्दाच्या पोटातही शिरतो, तो ऑक्सफर्डच्या थोर कोशकारांनी मूळ कोशातून वगळला होता. ऑक्सफर्डच्या पुरवणी खंडात त्याला जागा मिळाली तीही १९७२ सालीच. म्हणजे इंग्रजांनी आपली शिवी कोशाबाहेर ठेवली होती. आम्ही मात्र आमची शिवी कधीच बाहेर ठेवली नाही. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) ‘रांड’ आहे. दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’तही आहे. याचे कारण सरळ आहे. इंग्रजीतील तो शब्द शरीरव्यापाराचा आहे आणि त्यांना लाज वाटली ती शरीराची. आमचा शब्द स्त्रीच्या सामाजिक अवस्थेचा आहे, आणि त्या अवस्थेची आम्हांला लाज वाटत नव्हती.

‘रांड’ म्हणजे मुळात विधवा. संस्कृतातील ‘रण्डा’पासून तो आला. हिंदीत विधवेला ‘रांड’ आणि वेश्येला ‘रंडी’ असे दोन शब्द झाले. काशीची एक जुनी म्हण रांडेला सांड, पायरी आणि संन्यासी यांच्या पंगतीला बसविते, तेथेही अर्थ विधवा हाच. मराठीत एकाच शब्दावर दोन्ही अर्थ लादले गेले. मराठेशाहीत लढाईत पडलेल्या शिपायाच्या विधवेला उपजीविकेसाठी जे दिले जाई त्याला ‘रांडरोटी’ म्हणत. तेथे त्या शब्दात शिवी नाही. घरातील बायकामुलांना सरसकट ‘रांडापोरे’ म्हणण्याचाही प्रघात होता. म्हणजे विधवा, वेश्या आणि कुठलीही बाई, या तिघींना एकच शब्द पुरला. नवरा असेल तोवर बाई कुणाची तरी, आणि नवरा गेला की ती कुणाचीही, हा त्यामागचा न्याय आहे.

आता व्याकरण पाहू. ‘रांड’ हे स्त्रीलिंगी नाम आहे. पण शिवी म्हणून ते अधिक चालते ते ‘रांडेचा’ या षष्ठीच्या रूपात. मराठीत षष्ठीचा प्रत्यय पुढच्या नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो : रांडेचा, रांडेची, रांडेचे. पुढचे ‘लेक’ हे नाम गळून पडले आणि विशेषणच नाम बनले. हाक मारताना ते ‘रांडेच्या’ झाले. या एका शब्दात दोन माणसे आहेत. ज्याला शिवी दिली तो पुरुष संबोधनात उभा आहे, त्याला उत्तर देता येते, मारामारी करता येते, हसून सोडूनही देता येते. ज्या स्त्रीवरून शिवी दिली ती सामान्यरूपात, प्रत्ययाला जोडलेली आहे. ती समोर नाही आणि तिला कुणी काही विचारलेले नाही. भांडण दोन पुरुषांचे, आणि खर्च होते ती तिसऱ्याच ठिकाणी भाकरी थापत बसलेली बाई.

आणखी एक गोष्ट. बायको मेलेल्या पुरुषालाही शब्द आहे, ‘रंडका’. परंतु ‘रंडक्याचा’ अशी शिवी मराठीत नाही. ती का नाही याचे उत्तर मला कोशात सापडले नाही. ते बाबासाहेबांच्या निबंधात सापडले.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील परिसंवादात बाबासाहेबांनी भारतातील जातींविषयी निबंध वाचला. जात म्हणजे बंद केलेला वर्ग. ती बंद राहायची तर जातीतल्या जातीत लग्नाच्या स्त्रीपुरुषांची संख्या जुळली पाहिजे. नवरा मेला की बायको ‘अतिरिक्त’ ठरते. ती जातीबाहेर गेली तर जात फुटते. जातीत पुन्हा लग्न करू दिले तर ती एखाद्या कुमारिकेचा वर घेते. म्हणून तिला जाळायचे, नाहीतर सक्तीच्या वैधव्यात ठेवायचे. बायको मेलेला पुरुष मात्र जाळण्यासारखा नाही. त्याच्यासाठी लग्नाच्या वयात न आलेल्या मुलींतून बायको आणायची, म्हणजे बालविवाह आला. एवढे समजले की ‘रंडका’ ही शिवी का झाली नाही ते कळते. त्याच्यासाठी नवी नवरी ठेवलेलीच होती. ‘रांड’ मात्र उरलेली होती, आणि जे उरते त्यावरच समाज थुंकतो.

याच प्रकाशात ‘रांडेचा’ पुन्हा वाचा. विधवेचा मुलगा ही शिवी केव्हा होते? विधवेला नवरा असू शकत नाही हा कायदा गृहीत धरला तरच. ज्या जातींत पाट लागत असे, तेथे विधवा पुन्हा संसाराला लागे आणि तिचा मुलगा त्या नव्या बापाचा मुलगा असे. माझ्या आजीचा पाट लागला होता. तिच्या पाटाच्या नवऱ्यापासून झालेला मुलगा म्हणजे माझे वडील. या हिशोबाने मी कुणाचा? आमच्या महारवाड्यात, कुणब्याच्या आळीत या शिवीला मुळात अर्थच नव्हता. ती वरून खाली आली. वरच्यांचे अनुकरण करून जाती कशा पसरल्या हेही बाबासाहेबांनी त्याच निबंधात सांगितले आहे. अनुकरणात पाट बंद करण्याची प्रतिष्ठा आली तशी ही शिवीही आली. आम्ही ब्राह्मणी कायदा नाकारला आणि त्याची शिवी मात्र जिभेवर ठेवली.

तुकोबांच्या गाथेत हा शब्द आहे. सरकारी मदतीने १८७३ साली जी गाथा पुरी झाली तिचे संपादक विष्णु परशुराम शास्त्री पंडित. विधवाविवाहाच्या चळवळीत ज्यांनी बहिष्कार सोसला तेच हे गृहस्थ. ज्यांना विधवेची अवस्था बदलायची होती, त्यांनी शब्द लपविण्याची खटपट केली नाही. पुण्यात जोतीरावांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे बाळंत झालेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. समाजाच्या व्याकरणात तो ‘रांडेचा’ होता. सावित्रीबाईंनी त्याला यशवंत म्हटले, तो पुढे डॉक्टर झाला. या शिवीला दिलेले याहून मोठे उत्तर मला ठाऊक नाही.

आता आपल्या साहित्याकडे वळू. ‘शिवराळ’ म्हणणाऱ्यांना उत्तर देताना आपण एक ठराविक वाक्य म्हणत आलो : जे जगलो ते लिहिले. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. शिवी कोण कुणाला देतो आणि लेखक तिचे काय करतो, हे पाहिले पाहिजे. शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ साली ‘अक्करमाशी’ हेच पुस्तकाचे नाव ठेवले. अक्करमाशी म्हणजे बारा मासे न भरलेला, हिणकस, अनौरस. ही ‘रांडेचा’चीच सख्खी बहीण. पण लिंबाळे यांनी ती शिवी स्वतःकडे घेतली आणि बोट पाटलाच्या वाड्याकडे वळविले. माझ्या आईचे काय चुकले, आणि बाप नाव का देत नाही, असा प्रश्न त्या नावातून उभा राहतो. तेथे शिवी हा पुरावा आहे. ‘गोलपिठा’तही वेश्या ही शिवी म्हणून येत नाही, माणूस म्हणून येते. म्हणूनच ती कविता टिकली.

परंतु या दोघांच्या मागून आलेल्या पुष्कळ लेखनात पुरावा राहिला नाही, सवय राहिली. कवी व्यवस्थेवर चिडतो आणि व्यवस्थेला रांड म्हणतो. लोकशाही रांड, संसद रांड, शहर रांड. व्यवस्था पुरुषांनी उभारली, लाभ पुरुषांनी घेतला, मग तिला नाव बाईचे का? १९३६ च्या जूनमध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातील भगिनींपुढे भाषण केले होते. त्यांनी कठोर शब्दांत तो धंदा सोडायला सांगितले, पण सभेत समोर बसवून सांगितले. आमच्या कवितेत ती बाई उपमेपुरती उरली. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये आपल्याच वस्तीतला सुनांचा छळ लिहून ठेवला, तेव्हा आपण ते पुस्तक गौरविले. ते आपल्याविषयी आहे हे मात्र पुष्कळांनी मनावर घेतले नाही.

हे मी दुसऱ्याला सांगत नाही. विद्यार्थी असताना मोर्चात मी ही शिवी घसा फोडून दिलेली आहे. वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो. मजुरीच्या पैशासाठी आई मुकादमाशी भांडली की तो तिला तोंडावर ‘रंडकी’ म्हणायचा. पुढे मी एम.ए. झालो, नोकरीला लागलो, आणि एकदा दारात कुणावर तरी ओरडताना माझ्या तोंडून ‘रांडेच्या’ निघाले. आई आतून म्हणाली, ‘शिकेल मानूस बी तोच शबद बोलस.’ एवढेच. त्या दिवसापासून या शब्दाचे व्याकरण मी शिकतो आहे.

शब्द बदलला की प्रश्न सुटतो असे मानणारेही आहेत. एप्रिल २०२३ मध्ये विधवांच्या नावामागे ‘गं. भा.’ म्हणजे गंगा भागीरथी लावण्याचा प्रस्ताव राज्याच्या एका मंत्र्यांनी पुढे केला आणि त्यावर टीका झाली. ती योग्यच होती. ‘सौ.’ आणि ‘गं. भा.’ हे त्याच शब्दाचे धुतलेले कपडे आहेत. नवरा आहे की नाही हे बाईच्या नावावर लिहायचेच, फक्त सभ्य अक्षरांत, एवढाच त्याचा अर्थ. उलट २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्या गावाने शब्दाला हात लावला नाही, शब्दाच्या मुळाला लावला.

समीक्षकांना माझे सांगणे इतकेच, की शिवीची मोजदाद करून साहित्याची पातळी ठरवू नका. ती शिवी कुणाच्या कायद्यातून जन्मली ते आधी तपासा. आणि आमच्या लेखकांना सांगणे असे, की शिवी जरूर लिहा, पण षष्ठीतल्या त्या बाईला एकदा प्रथमेत आणा. तिला वाक्याचा कर्ता होऊ द्या.

दुसऱ्या दिवशी मी त्याच विद्यार्थ्याला पुन्हा उभे केले. तो शब्द फळ्यावर लिहिला आणि सबंध तास त्याच्यावरच घेतला. कुणी हसले नाही. ती मुलगी पहिल्या बाकावर बसून लिहून घेत होती.