किनाऱ्यावर बसलेला ओडिसियस

ओडिसियसचं नाव काढलं की आपल्याला तो एकडोळ्या राक्षस आठवतो, गाऊन भुरळ घालणाऱ्या सायरेन आठवतात. लहानपणी वाचलेल्या गोष्टींनी तेवढंच आपल्यापर्यंत पोचवलं. पण होमरच्या ‘ओडिसी’त हा माणूस आपल्याला पहिल्यांदा भेटतो कुठे? काव्याचे २४ सर्ग. पहिले ४ मुख्यतः त्याच्या मुलाचे. पाचव्यात नायक दिसतो तेव्हा तो समुद्राकडे बघत रडत बसलेला असतो.

ट्रॉयचं युद्ध १० वर्षं चाललं. ते संपूनही बरीच वर्षं उलटलीत आणि त्यातली ७ गेलीत या कॅलिप्सो देवीच्या बेटावर. पायात बेड्या नाहीत. बेट तर असं देखणं, की निरोप घेऊन आलेला हर्मीस देवसुद्धा गुहेत शिरण्याआधी बघत उभा राहतो. नाही ते फक्त जहाज आणि वल्ही मारायला माणसं. सगळे सोबती वाटेत मेले. रात्री तो देवीच्या शेजेवर असतो, मनाविरुद्ध. होमर हे झाकत नाही आणि त्यावरून नायकाला फैलावरही घेत नाही. देवी अमर करायला तयार आहे. तो म्हणतो, पेनेलोपी रूपात तुझ्यापुढे उणीच, पण मला घरी जायचंय.

आपल्या रामायणाशी ताडून बघा. लंकेचं युद्ध संपल्यावर बिभीषण रामाला थांबायचा आग्रह करतो. राम थांबत नाही, कारण तिकडे भरत दिवस मोजतोय. १४ वर्षं म्हणजे १४ वर्षं! तिथे तारीख ठरलेली आहे, शिवाय पुष्पक विमान हजर आहे. ओडिसियसला तारीखच नाही. तो सुटणार हे देवांनी पहिल्या सर्गातच ठरवलंय, आपल्यालाही ठाऊक आहे. फक्त त्यालाच कोणी सांगितलेलं नाही.

आणि सांगितल्यावर तो काय करतो? मला विचाराल तर सगळ्या सर्गातली ही सर्वांत खरी जागा. कॅलिप्सो म्हणते, जा. तो आनंदानं उडी मारत नाही. दचकतो. म्हणतो, यात तुझा काहीतरी डाव आहे, आधी शपथ घे. इतकी वर्षं अडकलेल्या माणसाला सुटकेचाही संशय येतो. होमरनं हे कुठून हेरलं असेल!

मग तराफा. कुऱ्हाड येते, वाकस येतो, गिरमिट येतं. २० झाडं पाडली, तासली, भोकं पाडून एकमेकांत बसवली. शिडाचं कापड देवीच आणून देते. ४ दिवसांत काम पुरं. वाचक ही सुतारकी भराभर उलटून वादळाकडे धावतात. धावू नये. ७ वर्षं नुसत्या बसलेल्या हातांना काम मिळालंय, म्हणून कवी एकेक फळी दाखवतो. पुढे १७ दिवस हा माणूस सुकाणूशी जागा आहे, कृत्तिकांवर नजर ठेवून, सप्तर्षी डाव्या हाताला धरून.

तराफा अर्थात फुटतो. शेवटी फेशियन लोक त्याला आपल्या जहाजातून इथाकाला पोचवतात, आणि त्या वेळी तो गाढ झोपलेला असतो. ज्या क्षणासाठी एवढी वाट पाहिली तो झोपेतच निघून जातो! झोपेतच त्याला वाळूवर उतरवून ते परत जातात. जाग येते तेव्हा अथीनानं पसरलेल्या धुक्यात त्याला आपलाच देश ओळखू येत नाही. पुन्हा तोच संशय: फसवलं मला, भलत्याच ठिकाणी टाकून गेले. मिळालेल्या भेटी तो एकेक मोजतो. मोजणी बरोबर भरते. मग इथाकाच्याच किनाऱ्यावर, पाय ओढत, तो इथाकासाठी रडत फिरतो.