न दिसणारी अळी आणि दिसणारे उपाय

परदेशातून आलेला एखादा कीटक आणि त्याने उजाड केलेली जंगले ही कथा पर्यावरणाच्या पाठांत वारंवार येते. कीटक दुष्ट, झाडे निरपराध आणि माणूस रक्षणकर्ता अशी त्यातली पात्रेही ठरलेली असतात. उत्तर अमेरिकेतील ॲश वृक्ष आणि पाचूसारखा चमकणारा ॲग्रिलस प्लॅनिपेनिस हा भुंगेरा यांची हकिगतही बहुधा याच पठडीत सांगितली जाते. ती खोटी नाही. पण तिच्यातून विज्ञान शिकवायचे असेल, तर रक्षणकर्त्याच्या कामाचीही चिकित्सा व्हायला हवी.

आधी मूळ गोष्ट पाहू. ॲश हा आपल्या जाई-मोगऱ्याच्याच कुळातला मोठा वृक्ष आहे. भुंगेरा मूळचा चीन, कोरिया आणि रशियाचा अतिपूर्व भाग येथला. तिथल्या मांचुरियन ॲशची त्याच्याशी फार जुनी ओळख असल्याने निरोगी झाडे त्याला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. अमेरिकेतल्या ॲशच्या बहुतेक जातींकडे असे संरक्षण नाही. मादी सालीच्या भेगांत अंडी घालते. अळ्या सालीखाली शिरून रसवाहिन्या खात नागमोडी बोगदे करतात. पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे नेणारी वाटच त्यामुळे तुटते आणि झाड काही वर्षांत वाळून जाते.

अमेरिकेत हा भुंगेरा २००२ साली मिशिगन राज्यातील डेट्रॉइट शहराच्या परिसरात ओळखला गेला. त्याच वर्षी नदीपलीकडे कॅनडातील विंडसर येथेही तो आढळला. निर्मूलनासाठी अनेक ठिकाणी कीडग्रस्त झाडाभोवतीच्या सुमारे ८०० मीटर परिघातील सर्व ॲश तोडण्यात आले. कॅनडाने २००४ मध्ये ऑन्टारिओ प्रांतात, दोन सरोवरांच्या मध्ये, सुमारे १० किलोमीटर रुंदीचा पट्टा ॲशविरहित केला. हजारो निरोगी झाडे त्यात गेली. तरीही भुंगेरा पट्ट्यापलीकडे सापडलाच. अमेरिकेने ॲशच्या लाकडाच्या वाहतुकीवर घातलेले संघीय निर्बंध अखेर जानेवारी २०२१ मध्ये उठवले. पुढच्याच वर्षी तो पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑरेगन राज्यातही आढळला.

हे अपयश कष्ट कमी पडल्यामुळे आले असे म्हणता येत नाही. माझ्या मते चूक अनुमानात होती. तोडणीची सीमा ठरली ती 'कीड कुठे दिसते' यावरून. ही कीड दिसते तरी कशी? कोकणातल्या आंब्याला भिरूड लागली की खोडाच्या छिद्रातून भुसा बाहेर पडतो आणि बागायतदार लगेच सावध होतो. ॲशमधली अळी भुसा बाहेर टाकत नाही, तो बोगद्यातच ठासलेला राहतो. सुरुवातीची लागण बहुधा उंचावरच्या फांद्यांत होते. इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराची छिद्रे दिसतात ती प्रौढ भुंगेरे बाहेर पडल्यानंतरच. शेंडा विरळ होईपर्यंत तर अळ्यांच्या एकाहून अधिक पिढ्या होऊन गेलेल्या असतात.

याचा पुरावा झाडांनीच दिला. आग्नेय मिशिगनमधील ॲशच्या वार्षिक वलयांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मेलेल्या झाडाच्या वलयांची जाडी जिवंत झाडांच्या वलयांशी जुळवली की शेवटचे वलय कोणत्या वर्षीचे, म्हणजेच झाड केव्हा मेले, ते कळते. त्यावरून असे दिसले, की १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून मध्यापर्यंत केव्हातरी भुंगेरा तेथे स्थिरावला होता. म्हणजे २००२ मध्ये जी 'सुरुवात' वाटली ती खरे तर कित्येक वर्षे जुनी घटना होती. तोवर सरपणाबरोबर आणि रोपवाटिकांतल्या रोपांबरोबर तो दूरवर पोचला होता.

अधिकाऱ्यांवर अन्याय होऊ नये म्हणून सांगायला हवे, की २००२ मध्ये या कीटकाविषयीची उपलब्ध माहिती अगदी तुटपुंजी होती. पण माहिती कमी असताना 'दिसली नाही' याचा अर्थ 'नाही' असा घेणे अधिकच धोक्याचे असते. करवतीचे काम ठळकपणे दिसते, म्हणून ते परिणामकारकही वाटते.

आता उरलेल्या उपायांकडे याच कसोटीने पाहू. खोडात एमामेक्टिन बेंझोएट हे कीटकनाशक टोचले तर झाडाला दोन ते तीन वर्षे उत्तम संरक्षण मिळते. मात्र औषध वर चढायला वाहिन्या शाबूत हव्यात, म्हणून शेंडा निम्मा वाळल्यावर केलेला उपचार बहुधा वाया जातो. लक्षणांची वाट न पाहणाऱ्यालाच हा उपाय फळतो. शिवाय शहरातले निवडक वृक्ष त्याने वाचतील, जंगलातली कोट्यवधी झाडे टोचणे अशक्य आहे.

जंगलासाठी चीनमधून आणलेल्या इवल्या परोपजीवी गांधीलमाश्या २००७ पासून सोडल्या जात आहेत. सालीआड दडलेली अळी शोधण्यात त्या आपल्याहून वाकबगार आहेत. पण त्यांपैकी एकीची अंडी घालण्याची नळी आखूड असल्याने ती पातळ सालीच्या लहान झाडांतच उपयोगी पडते. जाड सालीसाठी रशियातून लांब नळीची दुसरी जात आणावी लागली. यातून कोवळी झाडे वाचण्याची आशा आहे, मेलेले जुने वृक्ष मात्र परत येणार नाहीत.

कीड न शोधताही लागू पडतात असे दोन उपाय याहून महत्त्वाचे वाटतात. हा भुंगेरा बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून आला. अशा लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटे तापवण्याचा आंतरराष्ट्रीय निकष २००२ मध्ये ठरला. त्यात लाकडात अळी आहे की नाही हे पाहावेच लागत नाही. दुसरा उपाय मिश्र लागवडीचा. डच एल्म रोगाने अमेरिकी शहरांतले एल्म गेले, तेव्हा रिकाम्या जागी अनेक गावांनी रांगेने ॲश लावले. एका जातीवर विसंबण्याचा धोका कळूनही पुन्हा एकाच जातीवर भिस्त ठेवली. यातला दोष भुंगेऱ्याच्या माथी मारता येत नाही.

शिक्षकांनी ही हकिगत जरूर सांगावी. मात्र 'भुंगेऱ्याने किती झाडे मारली?' याआधी वर्गाला विचारावे, 'झाड निरोगी आहे हे आपण कशावरून ठरवले?' मग एखाद्या तोडलेल्या खोडाचा काप आणून मुलांना वलये मोजू द्यावीत. डोळ्यांना आज दिसणारी गोष्ट प्रत्यक्षात केव्हा सुरू झाली असेल, हा विचार करण्याची सवय त्यातून लागू शकेल.