खलपात्राची श्रद्धा आणि 'प्रामाणिक' शब्दाचा अर्थ

खलपात्र स्वतःच्या समजुतीप्रमाणे सन्मार्गानेच चालले असेल, तर प्रेक्षकाने त्यास क्षमा करावी काय? कपटी पात्राविषयी हा प्रश्न उद्भवत नाही. आपण अपराध करतो आहोत हे त्यास ठाऊक असते. अडचण येते ती स्वतःला धर्माचे, कुळाचे अथवा लोकरीतीचे रक्षक मानणाऱ्या पात्रापाशी. या विचारासाठी झी मराठी वाहिनीवर २०१२-१३ साली प्रक्षेपित झालेली 'उंच माझा झोका' ही मालिका सोयीची आहे. कारण तिचा विषय रमाबाई रानडे यांचे चरित्र हा असून, त्यांचे १९१० सालचे आठवणींचे पुस्तक पडताळ्यासाठी हाताशी आहे.

१८७३ साली अकरा वर्षांची रमा एकतीस वर्षांच्या महादेव गोविंद रानड्यांची पत्नी झाली. त्याच वर्षी रानड्यांची प्रथम पत्नी निवर्तली होती. विधवाविवाहाचा पुरस्कर्ता असलेला मुलगा एखाद्या विधवेशी विवाह करील, या भीतीने वडिलांनी हा विवाह घाईने उरकला. पुढे रानडे पत्नीस शिकवू लागले, तेव्हा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी रमेला टोचून बोलण्याचे सोडले नाही. यांपैकी कोणीही ढोंगी नव्हते. बायको शिकली की घर बुडते, अशी त्यांची खरोखरच समजूत होती.

या पात्रांची बाजू जितकी सबळ मांडता येईल तितकी मांडली पाहिजे. ज्या रूढीचा आग्रह त्या स्त्रिया धरीत होत्या, तिचे ओझे त्यांनी स्वतःही वाहिले होते. ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल' या कादंबरीतील जावेर हा पोलीस अधिकारीही असाच. कायद्यावरील त्याची श्रद्धा ढळताच तो स्वतःचा प्राण देतो. आपल्या तत्त्वाची किंमत स्वतः मोजणाऱ्याविषयी तिरस्कार वाटत नाही, करुणा वाटते. परंतु करुणा आणि दोषमुक्ती या भिन्न गोष्टी होत. करुणेचा विषय कर्ता असतो, दोषाचा विषय कृती. टोमणा मारणारीचा हेतू शुद्ध होता म्हणून तो ऐकणारीचे दुःख तसूभरही हलके होत नाही.

येथे भाषेचा पुरावा लक्षात घेण्याजोगा आहे. अशा पात्रांच्या तोंडी 'हे शोभत नाही', 'आपल्यात हे चालत नाही', 'लोक काय म्हणतील' अशी वाक्ये असतात. या वाक्यांत 'मी' कोठेच नसतो. 'शोभणे', 'चालणे' या क्रियापदांचा कर्ता ती कृती किंवा ती रीत असते. निषेध करणारी व्यक्ती वाक्याबाहेर उभी राहते. म्हणजे श्रद्धा तिची, पण जबाबदारी मात्र 'लोकां'ची. ज्या श्रद्धेचे कर्तेपण वक्ता स्वतःच्या वाक्यातही घेत नाही, तिच्या आधारे त्यास क्षमा मागता येत नाही.

दुसरा मुद्दा 'प्रामाणिक' या शब्दाचाच. संस्कृतात 'प्रमाण' म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, आणि 'प्रामाणिक' म्हणजे प्रमाणावर आधारलेले. मराठीत हा अर्थ पालटून 'मनात एक नि ओठांत तेच' एवढाच उरला. मूळ अर्थ जागा ठेवला, तर केवळ उत्कटतेने मानणे म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे. मानलेले पडताळून पाहणे हाही त्याचाच भाग ठरतो. शिक्षणाने संसार बिघडतो की नाही, हे पाहण्याची सोय रानड्यांच्या घरात रोजच होती. ज्यांनी ते पाहण्याचे नाकारले, त्या श्रद्धाळू होत्या, प्रामाणिक नव्हत्या.

यावर असा आक्षेप येईल की, ही कसोटी मागच्या काळास लावणे अन्यायाचे आहे. पण ती रानड्यांसही लावावी लागते. त्यांचे मत विधवाविवाहास अनुकूल होते; तरीही वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी बालिकेशी विवाह केला, आणि त्यावर त्या काळातही टीका झाली. चांगल्या मताने त्यांचा हा दोष पुसला जात नाही. मग चुकीच्या मतावरील गाढ श्रद्धेने दुसऱ्यांचा दोष कसा पुसला जावा? न्याय दोहोंकडे एकच असला पाहिजे.

दैनिक मालिकेच्या रचनेत एक मोह असतो. महिनोन्‌महिने छळ करणारे पात्र अखेरीस डोळ्यांत पाणी आणते, 'माझे मन स्वच्छ होते' असे म्हणते, आणि सारे विसरले जाते. प्रेक्षकास त्या पात्राचे मन कळावे हे उचितच. कलेचे ते कामच आहे. मात्र कळणे म्हणजे सोडून देणे नव्हे.

हा विवेक केवळ पडद्यापुरता नाही. बोईसर-तारापूरच्या परिसरात वाडवळी, मांगेली, वारली बोलणारी मुले शाळेत येतात. त्यांच्या घरच्या शब्दास 'अशुद्ध' म्हणणारा शिक्षक बहुधा दुष्ट नसतो. मुलांचे हित व्हावे असेच त्यास मनापासून वाटत असते. 'असे बोलत नाहीत' हे त्याचे वाक्यही 'मी'वाचूनच असते. त्या वाक्यानंतर जे मूल वर्गात बोलेनासे होते, त्याचा विचार प्रथम करावा. शिक्षकाच्या हेतूचा नंतर.